टपरीवरचा चहा, ग्रीन टीची कॅप्सूल आणि फॅटी लिव्हर: विदर्भातल्या एका गावातलं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं फाट्यावरचं एक गाव. इथले एक शेतकरी, वय ४६. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो, इथेही तसंच म्हणतो. पाच एकर कोरडवाहू जमीन, कापूस, कापसात तुरीचं तास आणि उरलेल्यात सोयाबीन. शेतीचा भरवसा राहिला नाही म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी एसटी थांब्याजवळ चहाची टपरी टाकली. तेव्हापासून शेत वहिनी आणि मजूर बघतात आणि भाऊ पहाटेपासून रात्री शेवटची गाडी जाईपर्यंत टपरीवर बसतात.

तीस वर्षांवरील सगळ्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सुरू होती. आशाताईंनी टेप लावून त्यांची कंबर मोजली तेव्हा ती १०१ सेंटीमीटर भरली. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० च्या वर गेली की धोक्याची मानतात. उपाशीपोटी साखर ११२ आली आणि आशाताईंनी त्यांना आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं.

उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साडेअठ्ठावीसच्या थोडा वर. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०, लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम एसजीपीटी ७४ आणि एसजीओटी ५२, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी २ लाख १० हजार. ग्रामीण रुग्णालयातल्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह.

रिपोर्ट ऐकून वहिनींचा चेहरा पडला. लिव्हरचा आजार म्हणजे दारू, असं गावात धरूनच चालतात. भाऊ म्हणाले, "मी तं दारूच्या थेंबाले शिवत नाई डॉक्टरसाहेब, मंग लिव्हर कायनं खराब झालं?" आम्ही वहिनींना वेगळं विचारलं, आशाताईंनाही विचारलं. भाऊ खरंच पीत नव्हते. दारू न पिता, पोटाचा घेर आणि रक्तातली साखर वाढल्यामुळे लिव्हरमध्ये चरबी साठते. याच कारणासाठी २०२३ मध्ये या आजाराचं इंग्रजी नावही बदलण्यात आलं, आता त्यात दारूचा उल्लेख येत नाही. हे आम्ही दोघांसमोर, मोठ्याने आणि दोनदा सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ते ऐकावं असं वाटत होतं.

पहिला निर्णय: चरबी आहे, पण व्रण किती?

सोनोग्राफीतल्या "ग्रेड दोन" या शब्दाने लोक घाबरतात. पण ग्रेड सांगते ती फक्त चरबी किती दिसते ते. माणसाचं पुढे काय होणार हे ठरतं लिव्हरमध्ये व्रणाच्या (जखम भरल्यावर मागे राहतो तशा) धाग्यांची जाळी किती तयार झाली आहे यावर. तिलाच फायब्रोसिस म्हणतात, आणि तीच वाढत गेली की सिरोसिस होतो, म्हणजे सगळं लिव्हर कडक आणि निकामी होत जातं.

याचा पहिला अंदाज कागदावर, फुकट काढता येतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर सहसा निर्धास्त राहता येतं, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे पाठवायचंच. भाऊंचा आकडा आला १.३२, म्हणजे काठाला खेटून.

वर्षभर थांबून पुन्हा रक्त तपासायचं, की आत्ताच नागपूरला फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय हे बाहेरूनच मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठवायचं, हे ठरवायचं होतं. नागपूर म्हणजे जाण्यायेण्यात पूर्ण दिवस, टपरी बंद, वर खर्च. तरी आम्ही पाठवायचं ठरवलं, कारण साखर वाढू लागली होती आणि अशा रुग्णांत व्रण लवकर वाढतो. स्कॅन ६.८ किलोपास्कल आला. आठच्या आत असेल तर मोठा व्रण नाही असं धरतात. या एका आकड्याचा पुढे, सगळं बिघडल्यावर, फार उपयोग झाला. आजार सुरुवातीला कुठे होता हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

अडचण: दिवसभर चहा पिऊनही फायदा का नाही?

भाऊंची मुलगी नागपूरला शिकते. तिने मोबाइलवर वाचलं होतं की ग्रीन टीने लिव्हरची चरबी उतरते. भाऊंनी मला विचारलं, "मी तं दिवसभर चहाच पेतो, मंग माह्या लिव्हरले फायदा काऊन नाई झाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ग्रीन टी आणि टपरीवरचा चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच गरम करतात, त्यामुळे त्यांतली कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात. त्यांतलं मुख्य म्हणजे ईजीसीजी. काळ्या चहात पानं चुरगळून हवेवर ठेवतात, तेव्हा बरीचशी कॅटेचिन बदलून वेगळी रंगद्रव्यं तयार होतात. गवती चहा मात्र निराळंच गवत आहे, त्यात कॅटेचिनचा हिशेब लावायला जाऊ नये.

फॅटी लिव्हरवर कॅटेचिनच्या चाचण्या झाल्या आहेत, पण बहुतेक लहान आहेत. जपानमधली २०१३ सालची एक चाचणी नेहमी सांगितली जाते. कॅटेचिनचं प्रमाण मुद्दाम वाढवलेला चहा बारा आठवडे दिल्यावर एसजीपीटी आणि चरबी दोन्ही कमी झाली. त्यात रुग्ण होते फक्त १७. इतक्या थोड्या माणसांवरून औषध ठरवता येत नाही. चहामुळे व्रण कमी होतो किंवा सिरोसिस टळतो, हे अजून कुठेही सिद्ध झालेलं नाही. कॉफीच्या बाजूने पुरावा जास्त आहे. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये सिरोसिस आणि लिव्हरचा कॅन्सर कमी आढळतो, हे अनेक देशांतल्या निरीक्षणांत दिसलं आहे. पण तीही निरीक्षणंच आहेत, आणि आमच्या भागात कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी दूध-साखर घालून केलेला गोड पेला.

मग टपरीवरच्या चहात नेमकं काय आहे, ते वहिनींच्या हिशेबातून कळलं. एक लिटर दूध, तेवढंच पाणी आणि पाव किलो साखर. उकळून आटला की ८० मिलिचे बावीसेक ग्लास. म्हणजे एका ग्लासात सुमारे ११ ग्रॅम साखर. "गिऱ्हाईक आलं का त्याच्यासंगं अर्धा ग्लास होतेच," असं करत भाऊंचे दिवसाचे दहा पूर्ण ग्लास व्हायचे. ११० ग्रॅम साखर, साखरेचेच ४४० कॅलरी, वर बिस्किटं वेगळी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. भाऊ ते पहिल्या तीन ग्लासांतच संपवत होते.

आकडा कागदावर मांडून दाखवल्यावर भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमी सांगान ते करतो, पण चहा सोड म्हणू नका."

तोललेले पर्याय

चहा पूर्ण बंद करणं हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला. ज्याचं पोट चहावर चालतं त्याला हे सांगणं म्हणजे पुढच्या वेळी तो येणारच नाही याची तजवीज करणं.

ग्रीन टीच्या पुड्या. तीन-चार कप ग्रीन टीने नुकसान नाही, साखरेच्या चहाऐवजी घेतला तर फायदाच. पण पुड्या रोज विकत घ्याव्या लागणार, चव आवडेल याची खात्री नाही, आणि गावात "ग्रीन टीत मध घाला" हा सल्ला तयारच असतो. मध घातला की साखर परत आली.

लिव्हर टॉनिक. भाऊंनी मेडिकलमधून एक बाटली आधीच आणली होती. फॅटी लिव्हर उतरवणारं टॉनिक म्हणून आम्ही कुठलंच लिहून देत नाही.

बिनसाखरेचा चहा आणि वजन. पुरावा खरा इथेच भक्कम आहे. वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूज कमी होते, १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर व्रणही मागे हटू शकतो. भाऊंसाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

काय केलं

टपरीवर एक वेगळी लहान किटली ठेवायची, भाऊंसाठी कोरा फिक्का चहा, हवं तर आलं आणि लिंबू. दुधाचा गोड चहा दिवसातून एकच, सकाळचा. रात्री वरण-भाताचा भात निम्मा आणि त्याऐवजी ज्वारीची भाकर, अंबाडी किंवा जी असेल ती पालेभाजी. आणि सायंकाळी पाऊण तास चालणं, त्या वेळात टपरी वहिनी सांभाळतील. हे शेवटचं वहिनींनीच सुचवलं.

त्यांच्याकडे बघून एक गोष्ट ओघात निघाली. वहिनींचं हिमोग्लोबिन ९ होतं आणि लोहाची गोळी त्या दुपारच्या चहाबरोबर घेत होत्या. चहातल्या द्रव्यांमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. सिकलसेल आणि रक्तक्षय इतका असलेल्या आपल्या भागात ही सूचना प्रत्येक गोळीच्या पाकिटासोबत दिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दीड महिन्यात वजन दोन किलो उतरलं. सगळं मार्गी लागलं असं दिसत होतं.

मधेच आलेलं वळण

ऑगस्टच्या शेवटी भाऊ आले ते थकलेले. भूक नाही, मळमळ, लघवी पिवळी गडद. रक्त तपासलं: एसजीपीटी ३१२, एसजीओटी १९८, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) १.६. रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी नॉर्मल.

पावसाळ्यात गावात असा माणूस आला की पहिली शंका दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई. दुसरी फवारणीची. कापसावर फवारणीचे दिवस होते, आणि २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते इथे कोणीच विसरलेलं नाही. भाऊंनी फवारणी केली नव्हती, मजुराने केली होती. ए आणि ई दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या.

फॅटी लिव्हर स्वतःहून इतक्या थोड्या दिवसांत असा उसळत नाही. नवीन काय सुरू केलं, असं विचारलं तर उत्तर "काई नाई." औषध घेतलं का, तर "नाई." मग आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी वहिनींना फोन करून घरात जेवढ्या बाटल्या-डब्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून पाठवायला सांगितलं. पिशवीतून ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूलची डबी निघाली.

भाऊंचा एक पुतण्या अशी उत्पादनं घरोघर विकतो. त्याने समजावलं होतं की दहा कपांची ताकद एका कॅप्सूलमध्ये आहे, कशाला फिक्का चहा पिता. भाऊंचं म्हणणं सरळ होतं: "ते कुठं औषध होय, चहाच तं आहे!" लेबल वाचलं. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात निम्मं ईजीसीजी. रोज चार, म्हणजे १००० मिलिग्रॅम ईजीसीजी. तेही पहाटे टपरी उघडण्याआधी दोन आणि दुपारी दोन, दोन्ही वेळा उपाशीपोटी, कारण "पोट रिकामं असलं का जास्त लागते." हे दुर्दैवाने खरं आहे, उपाशीपोटी ते रक्तात जास्त जातं, आणि लिव्हरवर भारही तेवढाच जास्त पडतो.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये याचा आढावा घेतला होता. नेहमीच्या पद्धतीने केलेला ग्रीन टी सुरक्षित, त्यातून दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं. पण अर्काच्या गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं तर लिव्हरची एन्झाइम वाढतात असं त्यांनी नोंदवलं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये हजारावर स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत ईजीसीजीचं प्रमाण रोज ८४३ मिलिग्रॅम होतं. अर्क घेणाऱ्या शंभरांत सुमारे पाच जणींच्या लिव्हरच्या तपासण्या लक्षात येण्याइतक्या बिघडल्या, तुलनेसाठी अर्क नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरांत एकापेक्षाही कमी होतं. सगळ्यांना हा त्रास होत नाही, काही जणांत तो जनुकांशी जोडलेला दिसतो, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून माझ्या लेखी कपातला चहा आणि कॅप्सूलमधला चहा ही दोन वेगळी औषधं आहेत, झाड एक असलं तरी.

पिशवीत आणखी एक गोष्ट होती: वाळवलेली गुळवेल. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आठवडाभर काढा घेतला होता. कोरोनाच्या काळात मुंबईसह देशात अनेक ठिकाणी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली, त्यांतल्या काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तसं काही आहे का हे पाहण्यासाठी आम्ही एएनए आणि आयजीजी या रक्ततपासण्या केल्या, दोन्ही ठीक आल्या.

आता दाखल करायचं की घरी ठेवून पाहायचं? औषधाने लिव्हरला इजा झाली असता एसजीपीटी नॉर्मल मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर, म्हणजे २ च्या पुढे गेलं, तर जिवाला धोका खरा असतो, दहात एकापर्यंत. भाऊंचं बिलिरुबिन १.६ होतं, आयएनआर नॉर्मल, आणि ते पूर्ण शुद्धीवर होते. आधीचा फायब्रोस्कॅन सांगत होता की लिव्हरमध्ये मोठा व्रण नाही, म्हणजे धक्का सोसायला जागा आहे. म्हणून घरीच, पण अटींवर. कॅप्सूल, काढा, टॉनिक, सगळं बंद. दर आठवड्याला रक्त. डोळे पिवळे, झोपेचं गणित बिघडणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच रात्री १०८ ला फोन आणि थेट मेडिकल कॉलेज. वहिनींकडून हे परत म्हणून घेतलं.

निष्पत्ती

पहिल्या आठवड्यात एसजीपीटी २९० वरच रेंगाळलं. ते सात दिवस आम्हा सगळ्यांना कठीण गेले. तिसऱ्या आठवड्यात १२०, आठव्या आठवड्यात ६१. बिलिरुबिन दोन आठवड्यांतच एकच्या खाली आलं होतं. क्रम, वेळ आणि थांबवल्यावर उतरणं पाहता कारण कॅप्सूल असण्याची शक्यता जास्त, गुळवेलीचा हात नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. नेमकं शोधण्यासाठी भाऊ स्वतःच निम्म्या मात्रेत कॅप्सूल पुन्हा घेऊन बघायला तयार होते. आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी तीच वस्तू दिली तर इजा जास्त लवकर आणि जास्त जोरात होऊ शकते.

नऊ महिन्यांनंतर वजन ७२ किलो, कंबर ९५, एसजीपीटी ३८, एचबीएवनसी ५.८. मधे लग्नसराईत दोन किलो परत चढले आणि कापूस वेचणीच्या दिवसांत चालणं बंद पडलं. फिक्का चहा मात्र टिकला. लहान किटलीतला चहा आता गावातले दोन-तीन मधुमेहीही मागतात, आणि भाऊ तो त्याच भावात देतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत चहावर इतकं बोलणं झालं, तेव्हाच "हीच गोष्ट कोणी गोळीत विकायला येईल, ती घेऊ नका" हे वाक्य जोडायला हवं होतं. ज्या माणसाला आपण सांगतो की या पानात काहीतरी चांगलं आहे, त्याच्यापर्यंत ते पान दाट करून विकणारा पोचणारच आहे. फॅटी लिव्हरच्या प्रत्येक रुग्णाला आता आम्ही हे चहाच्या सल्ल्यासोबतच सांगतो.

"औषध घेता का?" हा प्रश्न अपुरा आहे. काढा, चूर्ण, पावडर, ताकदीची गोळी, कोणी दिलेली पुडी, अशी नावं घेऊन विचारावं लागतं, आणि घरातल्या बाईला वेगळं विचारावं लागतं. पिशवी पहिल्याच दिवशी मागवली तर सगळ्यात उत्तम. भाऊंच्या बाबतीत ती उशिरा आली, तरी आणखी रक्ततपासण्यांच्या आधी आली म्हणून पैसे आणि दिवस वाचले.

दीड महिन्यांनी वजन उतरलं तेव्हा रक्त तपासलं असतं तर? कॅप्सूल त्या सुमारास नुकत्याच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे कदाचित काही दिसलं नसतं. यावर आमच्यात एकमत नाही. आरोग्य अधिकारी ताईंचं मत आहे की तेव्हा तपासायला हवं होतं, निदान मधल्या काळात काय नवीन सुरू केलं हा प्रश्न तरी निघाला असता. मला त्यांचं पटतं.

शेवटचा मुद्दा पुतण्याचा. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता, तोही कर्ज काढून माल उचलून बसला होता. त्याला बोलावून लेबलवरचा आकडा आणि भाऊंचे रिपोर्ट समोर ठेवले. डबीवर अन्न परवान्याचा नंबर होता, त्याला तो सरकारी मान्यता समजत होता. तो परवाना अन्नपदार्थाचा असतो, औषधासारखी तपासणी त्यामागे नसते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे दुष्परिणामांची नोंद होते, तिथे आम्ही हे प्रकरण कळवलं. १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. पुतण्याने गावात आणखी चार घरांत कॅप्सूल दिल्या होत्या. त्या घरांची यादी त्यानेच आशाताईंना लिहून दिली. चौघांचंही रक्त तपासलं, तिघांचं ठीक निघालं. चौथ्या घरातल्या काकूंचं एसजीपीटी ९० होतं. त्यांच्या कॅप्सूल थांबवल्या आहेत आणि पुढची तपासणी पंधरा दिवसांनी ठेवली आहे.